ठकीला पटलेलं नाही

आमच्याकडे त्यांना अण्णा म्हणतात. तुमच्या सोसायटीत ते नाना असतील, बापू असतील, नाहीतर नुसतेच 'ते तिसऱ्या मजल्यावरचे, कुत्रेवाले' असतील. पण ते आहेत, आणि आज सकाळीच त्यांनी तुम्हाला जिन्यात गाठलेलं आहे, याबद्दल मला शंका नाही. तेव्हा ओळखबिळख करून देण्यात वेळ न घालवता सरळ माझ्या स्कूटरच्या सीटवर येतो.

ती सीट मी नवी घातली होती. काळं रेक्झिन, पांढरी शिलाई. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर तिच्यावर ठकी. ठकी म्हणजे अण्णांची मांजर. तिच्या पुढच्या दोन पंजांमधून आतला पिवळा स्पंज बाहेर डोकावत होता, आणि शेजारी पायजमा-बंडीतले अण्णा, हातात दुधाची पिशवी घेऊन उभे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला.

"तिला पटलेलं नाही," अण्णा म्हणाले.

"काय पटलेलं नाही?"

"हे रेक्झिन. जुनी सीट बरी होती, असं तिचं म्हणणं आहे. माझं काही नाही हो. मला विचाराल तर छान आहे सीट."

हे 'माझं काही नाही हो' कानावर पडलं की समजावं, आता एखादं जनावर बोलणार. अण्णांना स्वतःचं मत नाही. निदान त्यांनी ते कधी कोणाला दाखवलेलं नाही. गणपतीत स्पीकरचा आवाज चढला की डोकं दुखतं ते बंड्याचं. बंड्या म्हणजे कुत्रा, त्याच्याकडे नंतर येऊ. मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की तो जड जातो खारीला. "यात खारीचा काय संबंध?" असं एकदा खजिनदारांनी चिडून विचारलं. "ती दिवसभर गच्चीवर असते," अण्णा शांतपणे म्हणाले, "वॉटरप्रूफिंगवाल्यानं खरोखर किती काम केलं, हे एकट्या तिनं बघितलंय." त्यावर खजिनदार उगाचच फाईल चाळायला लागले.

घरातही हीच रीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून अण्णा सांगतात, "ठकीला आज पिठलं नको वाटतंय." काकू वळूनही बघत नाहीत. "ठकीला म्हणावं, मग मंडईतून भाजी आण." थोडा वेळ नुसता कढईचा आवाज. मग अण्णा, जरा खालच्या पट्टीत, "ती म्हणते, चालेल पिठलं. मिरची तेवढी बेतानं." एवढ्या वर्षांच्या संसारात या दोघांचं समोरासमोर भांडण झालेलं कोणी ऐकलेलं नाही. जे काही होतं ते मांजरामार्फत, आणि मांजर तेव्हा शिंकाळ्याखाली गाढ झोपलेलं असतं.

आमची सोसायटी कोथरूडला, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी म्हणावी अशी. मागे एक जुना उंबर आहे. त्यामुळे अण्णांना अशिलांची कधी कमतरता पडली नाही. टेकडीवरचे मोर पहाटे ओरडतात, उंबरावर दिवसा तांबट ठोके घालत बसतो आणि रात्री वटवाघळं येऊन खाली पार्क केलेल्या गाड्यांवर अर्धी खाल्लेली उंबरं टाकतात. या प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असतं आणि ते अण्णांच्या मुखातून सोसायटीला कळत असतं. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला महापालिकेत अर्ज करायचा ठरला, तेव्हा वटवाघळांच्या वतीनं असं सांगण्यात आलं की गाड्या झाडाखाली आल्या, झाड गाड्यांवर आलेलं नाही.

एप्रिल-मेमध्ये कोकीळ पहाटे साडेचारला सुरू होतो. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची झोप गेली. ते तावातावानं अण्णांकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या त्या कोकिळेला आवरा." अण्णांनी आधी लिंग दुरुस्त केलं. गळा काढतो तो नर, काळाकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची असते, ती कावळ्याचं घरटं हेरत असते. हा आरडाओरडा करून कावळ्यांना अंगावर घेतो, तेवढ्यात ती तिकडे अंडं घालून मोकळी. एवढं सांगून झाल्यावर मग खास प्रवक्त्याच्या आवाजात, "त्याचं म्हणणं एवढंच आहे, की रात्रपाळी करायची मी आणि नाव व्हायचं तिचं, हे आणखी किती दिवस चालायचं?" गृहस्थांनी मागे वळून बायको ऐकत नाही ना ते पाहिलं, अण्णांचा हात दाबला आणि ते परत जाऊन झोपले.

वकीलपत्र घेतलं नाही ते फक्त पारव्याचं. २०२५ साली मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला केवढा गहजब झाला! विष्ठेनं फुप्फुसं खराब होतात म्हणणारे डॉक्टर एकीकडे, भूतदयावाले दुसरीकडे, मध्ये महापालिका, वर उच्च न्यायालय. आम्हाला वाटलं, आता अण्णा पहिली गाडी पकडून दादरला जाणार. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "पारव्याला मत नसतं. एसीच्या मागे तीन काड्या टाकतो आणि त्याला घरटं म्हणतो. अशा माणसाशी काय बोलायचं?"

माणसाशी म्हणाले.

एकदा पार्किंगमध्ये साप निघाला. चांगला सहा फुटी. बायका खुर्च्यांवर, पुरुष त्याहून उंच, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवर. वॉचमन काठी घेऊन धावला तर अण्णा आडवे. धामण आहे म्हणाले, बिनविषारी. विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, यातलं ही कोणीही नाही. शेपटीनं मारते, गाईचं दूध पिते, या सगळ्या बाता. उंदीर खाते, एवढाच तिचा गुन्हा. "ती म्हणते," अण्णांनी भिंतीवरच्या समुदायाकडे मान वर करून सांगितलं, "उंदीर तुम्ही पाळायचे आणि वॉरंट माझ्या नावावर काढायचं?" सर्पमित्र येईपर्यंत वेळ जावा म्हणून कोणीतरी नीलिमकुमार खैऱ्यांचा विषय काढला. १९८० साली ते पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले होते, अख्खं पुणं बघायला लोटलं होतं. भिंतीवरून एकजण म्हणाला, "काय धाडस असेल नाही!" अण्णा म्हणाले, "असेलच. पण ७२ तास माणसाबरोबर काढल्यावर त्या सापांना कसं वाटलं, हे कुठल्याच पेपरानं छापलं नाही."

या माणसावर राग धरावा, तर तो नेमका अशा वेळी हसवतो. हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष.

नोव्हेंबरात ते विशेष धोकादायक असतात. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला सालिम अलींचा, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह. अण्णा तो आठवडाभर क्लब हाउसात साजरा करतात. पहिल्या दिवशी मुलं येतात, दुसऱ्या दिवशी मुलांना क्लास असतो, तिसऱ्या दिवसापासून मी आणि बंड्या. उंबरावर एकदा हरियालांचा थवा उतरला होता, पिवळ्या पायांचे, पोपटी-राखी. "महाराष्ट्राचा राज्यपक्षी आपल्या दारात आलाय," अण्णा हळूच म्हणाले. मी दुर्बीण लावली, पण तोवर ते पानांत मिसळून गेले होते. "काय म्हणतायत?" मी कुत्सितपणे विचारलं. "प्रोटोकॉल काय आहे विचारतायत."

पाट्यांचा तर विषयच नको. गाडीच्या बॉनेटवर थंडीत ऊब घेत झोपलेल्या ठकीसाठी त्यांनी पार्किंगच्या खांबाला पुठ्ठा टांगला : 'मांजर झोपले आहे. हॉर्न वाजवल्यास ते उठेल व आपल्याकडे बघेल.' एवढंच. बघेल. त्या एका शब्दाची दहशत अशी, की चौथ्या मजल्यावरचा तरुण मुलगा ऑफिसला उशीर झाला तरी हातानं गाडी ढकलत गेटपर्यंत न्यायचा.

आता बंड्या. आणि बंड्या म्हटलं की सेक्रेटरी आलेच.

आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. खाडाखोड दिसली की अस्वस्थ होणारे, नोटीसबोर्डाची किल्ली जानव्याला बांधणारे. त्यांचं आणि अण्णांचं वैर हा आमच्या इमारतीचा पाया होता. बंड्या पिल्लू असताना पावसात पंपाच्या खोलीत शिरला, तो तिथलाच झाला. पुढे त्याची नसबंदी झाली, डाव्या कानाला त्याची खूण म्हणून इंग्रजी व्ही-सारखी खाच आली. अण्णांनी त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. "मुंज झाली," म्हणाले. सेक्रेटरींनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि संध्याकाळी बोर्डावर नोटीस लावली : 'भटक्या श्वानांना सोसायटीच्या आवारात खाद्यपदार्थ घालू नयेत.'

त्यावर उत्तर आलं. अर्जदार : बंड्या. विषय : खाद्यपदार्थांबाबत. त्यात केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा हवाला होता. कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवून देणं हे सोसायटीचंच काम आहे, ती जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, वेळही ठरवावी, वगैरे. खाली सहीच्या जागी पंजाचा ठसा. सेक्रेटरींनी अर्ज आवक नोंदवहीत चढवला, कारण नियम म्हणजे नियम. मग जागा ठरवायला सभा बसली. जागा हवी याबद्दल सगळ्यांचं एकमत, फक्त ती दुसऱ्याच्या खिडकीखाली असावी याबद्दलही तेवढंच एकमत. तीन सभांनंतर ती पाण्याच्या टाकीमागे ठरली. टाकी सेक्रेटरींच्या बेडरूमला लागून.

बंड्या रात्री दोनला भुंकतो. कोणावर, हे कोणालाच माहीत नाही. अण्णा म्हणतात, तो रिक्षावाल्यांचं मीटर तपासतो.

मग दत्तगुरू आले, नामदेव महाराज आले. "दत्ताच्या तसबिरीत कुत्रे किती?" अण्णांनी भर सभेत विचारलं. "चार. बंड्या विचारतोय, त्यांना कुठल्या सोसायटीनं नोटीस दिली?" सेक्रेटरी म्हणाले, तसबिरीतले भुंकत नाहीत. अण्णा म्हणाले, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते. सेक्रेटरी म्हणाले, धावले असतील, पंढरपुरात तेव्हा पार्किंग नव्हतं. एवढ्यात ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. निम्म्या सभासदांनी सवयीनं खुर्चीवर बोटं टेकवून 'कृष्ण कृष्ण' केलं. "पाल चुकचुकली म्हणजे बोललो ते खरं," सेक्रेटरी म्हणाले, "कार्यवृत्तात घ्या." अण्णा उठून उभे राहिले. "मनात पाल चुकचुकते ती शंकेनं. तिनं हरकत नोंदवलीय." यावर पाऊण तास गेला. त्या सभेचं कार्यवृत्त आजही फाईलला आहे, त्यात सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय : 'पालीच्या मुद्द्यावर मतभेद होऊन सभा तहकूब.'

२०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. आदेश दिल्लीचा, पण सेक्रेटरींनी त्याची बातमी कापून आमच्या बोर्डावर लावली, अधोरेखित करून. २२ तारखेला न्यायालयानं आदेश बदलला. पिसाळलेली किंवा अंगावर जाणारी सोडून बाकीच्यांना नसबंदी, लसीकरण करून जिथून उचललं तिथेच सोडायला सांगितलं. अण्णांनी ती बातमी कापून पहिल्या बातमीवर बरोब्बर डकवली, सेक्रेटरींच्याच टाचण्या वापरून.

एक मात्र मानावं लागेल. सेक्रेटरींची भीती खोटी नव्हती. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही, आणि त्यांची नात रोज टाकीजवळूनच खेळायला जायची. ते हे सभेत कधी बोलले नाहीत, कलमं आणि उपकलमं बोलत राहिले. आणि अण्णांच्या पाकिटात स्वतःचं आधार कार्ड नसतं, पण बंड्याचं लसीकरणाचं कार्ड असतं, दर वर्षीच्या शिक्क्यासकट. तेही त्यांनी सभेत कधी काढून दाखवलं नाही. मला ते दिसलं रिक्षाचे पैसे देताना. कार्ड आधी बाहेर आलं, नोट नंतर.

एका रविवारी दुपारी मी त्यांना शेवटच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका हातात चिमटा, पायापाशी वाटीत थोडं रॉकेल. बंड्याचं डोकं मांडीवर, आणि अण्णा त्याच्या कानाच्या खाचेतून गोचीड काढत होते. आधी फुंकर मारून केस बाजूला करायचे, मुळापाशी चिमटा धरायचा, सरळ वर ओढायचा, वाटीत टाकायचा, मग त्या जागेवर अंगठा ठेवून थोडं थांबायचं. बंड्याचा मागचा पाय मधूनच झटका द्यायचा. मी बराच वेळ उभा होतो. वाटलं, आता म्हणतील, 'याचं म्हणणं असं की...' पण या वेळी दोघांपैकी कोणीच काही म्हणालं नाही.

अण्णांची मुलगी बॉस्टनला असते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. आमच्या गॅलऱ्या एकाखाली एक, त्यामुळे ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं. "बंड्या तुझी फार आठवण काढतो गं," अण्णा सांगतात. आता, ती गेली तेव्हा बंड्या जन्मालाही आलेला नव्हता. त्यानं तिला आयुष्यात पाहिलेलं नाही. पण तीही अण्णांचीच मुलगी. "त्याला सांगा बाबा, डिसेंबरात येतेय. आणि गोळ्या वेळेवर घे म्हणावं." कॉल संपला की अण्णा खरोखर तीन जिने उतरून टाकीमागे जातात. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. माझ्या सीटचा राग त्यानंतर म्हणावा तसा टिकला नाही.

९ डिसेंबर २०२० ला कोथरूडात गवा आला होता. पेपरात तुम्ही वाचलं असेल. कुठल्याशा जंगलातून वाट चुकून आलेला तो एवढा थोरला प्राणी बंगल्यांच्या गल्ल्यांतून धावत होता. करोनाचे दिवस, भाजीवाल्यापासून सहा फूट लांब उभी राहणारी माणसं मोबाइल उंच धरून घोळक्यानं त्याच्या मागे. तो बिथरला, जखमी झाला. शेवटी वन खात्यानं भूल देऊन पकडला आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. आमच्याकडे सगळे खाली जमून एकमेकांना क्लिपा दाखवत होते. कोणीतरी चेष्टेनं विचारलं, "काय अण्णा, गव्याचं काय म्हणणं?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जिना चढून वर गेले. पुढचे बरेच दिवस आमच्या आवारातल्या एकाही जनावराला कशाबद्दलही मत नव्हतं. मेंटेनन्स त्याच महिन्यात वाढला. बिनविरोध.

सेक्रेटरी गेले ते मात्र अचानक. रात्री नोटीसबोर्डाला कुलूप लावून वर गेले, सकाळी उठलेच नाहीत. दहाव्याला आम्ही सगळे ओंकारेश्वराच्या घाटावर. अण्णा आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

पिंड मांडला, गुरुजींनी मंत्र म्हटले, सगळे चार पावलं मागे सरकले. कावळा येईना. पलीकडच्या पिंपळावर दहा-बारा बसले होते, पण ओंकारेश्वराचे कावळे ते. सकाळपासून पाच घरचे भात जेवून बसलेले, सहाव्या पानाला उठायची कोणालाच घाई नव्हती. मग नेहमीचं सुरू झालं. मोठा मुलगा हात जोडून पुढे आला, "बाबा, आईची काळजी करू नका." पिंपळ ढिम्म. धाकटा म्हणाला, "गावच्या जमिनीचा दावा मागे घेतो." पलीकडे उभ्या असलेल्या काकांनी एकदम मान वर केली, आणि धाकट्यानं घाईनं पुस्ती जोडली, "म्हणजे, तसा विचार करतो." सुनेनं नातीच्या शिक्षणाचं सांगितलं. आमचे चेअरमन घसा खाकरत पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, तुमची इच्छा आम्हाला ठाऊक आहे. रिडेव्हलपमेंट होणार म्हणजे होणारच. बिल्डर वाढीव कार्पेट द्यायला तयार आहे." सेक्रेटरींचा रिडेव्हलपमेंटला विरोध होता, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. पण ज्याला जे हवं ते त्यानं गेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं आणि पावतीसाठी कावळ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही एकट्या अण्णांना हसत होतो. इथे अख्खा घाट प्रवक्त्यांनी भरला होता.

अर्धा तास झाला. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेव्हा मोठ्या मुलानं मागे वळून पाहिलं. "अण्णा, तुम्हाला कळतं ना यांचं? काय म्हणतोय तो?"

सगळे वळले. अण्णा पुढे आले. कपाळावर हात धरून पिंपळाकडे बराच वेळ बघत राहिले. मी त्यांना ओळखतो. म्हणून मला वाटलं, आता रिडेव्हलपमेंटचं काही खरं नाही. उंबर वाचवायची एवढी चांगली संधी पुन्हा यायची नव्हती. कावळ्याच्या तोंडून काढलेला शब्द आणि तोही दहाव्याला, कोणाची छाती होती मोडायची?

"मला नाही कळत," अण्णा म्हणाले.

मग पिंडापाशी गेले, खाली वाकले, आणि नोटीस वाचल्यासारखं एकसुरात म्हणाले, "मी त्याला रात्री आत घेईन."

'मी' म्हणाले. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

कावळा आला. आता तो अण्णांमुळे आला, की शेजारच्या मंडळींनी त्याच वेळी फरसाणाची पिशवी फोडली म्हणून आला, यावर मी बोलणार नाही. पिंडाला शिवला एवढं खरं. चेअरमन सगळ्यांना सांगत होते, "बघितलंत? रिडेव्हलपमेंट म्हटल्या म्हटल्या."

काकूंच्या घरात उंबऱ्याच्या आत फक्त ठकी, हा नियम. त्यांना अण्णांनी कसं पटवलं हे काकूच सांगतात : "ठकीची हरकत नाही म्हणे. ठकी तेव्हापासून फ्रिजवर राहते." पण शब्द पाळला. दहाच्या ठोक्याला अण्णा टाकीमागे जातात आणि पट्टा लावून बंड्याला वर आणतात. सेक्रेटरींच्या बेडरूमच्या खिडकीखाली आता शुकशुकाट असतो. तिथे आता झोपमोड व्हायला कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

फक्त एक झालं. पूर्वी बंड्या टाकीमागून भुंकायचा, ते आमच्या इमारतीपुरतं होतं. आता तो रात्री दोनला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून भुंकतो, ते चौकातल्या रिक्षास्टँडपर्यंत जातं. समोरच्या सोसायटीनं आम्हाला लेखी कळवलंय, आणि आमच्याकडे आता आवक नोंदवही ठेवणारं कोणी नाही. शेवटी मीच एका रात्री वर गेलो. दार उघडायच्या आधीच आतून भुंकणं सुरू.

"अण्णा, घाटावर तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मी दिला होता," अण्णा म्हणाले. एका हातात पट्टा, डोळ्यांत झोप. "आणि मी पाळतोय तो. रात्री आत घेतो. पण भुंकणार नाही, असं बंड्यानं कुठे कबूल केलंय?"